६४१ने केलेली फजिती

बालमित्रांनो, आधी माझीच फजिती सांगते. मग एका फार मोठ्या गणितज्ञाची सांगेन.

पाचवीचा वर्ग होता. फळ्यावर १ ते १०० संख्या मांडल्या होत्या आणि मूळ संख्यांभोवती गोल काढायचं काम चाललं होतं. मूळ संख्या तुम्हांला माहीत आहेतच. जिला १ने आणि तिने स्वतःने, एवढ्या दोघांनीच पूर्ण भाग जातो ती मूळ संख्या. २, ३, ५, ७, ११ अशा. आम्ही १९पर्यंत आलो होतो, तोच पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. एरवी ही मुलगी विचारल्याशिवाय बोलत नाही.

"बाई, सहाचा पाढा बघा ना! ६च्या अलीकडे ५, पलीकडे ७. १२च्या अलीकडे ११, पलीकडे १३. १८च्या अलीकडे १७, पलीकडे १९. सगळ्या मूळ!"

मला इतका आनंद झाला, की मी खडू खालीच ठेवला. "शाब्बास! हिने नियम शोधून काढला," असं म्हणून सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. टाळ्या थांबतात न थांबतात तोच मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, मग २४चं काय? २३ ठीक आहे; पण २५? पाच पाचा पंचवीस!"

वर्ग खो खो हसला. ती मुलगी खाली बसली, आणि पुढचा आठवडाभर तिने हात वर केला नाही.

खरं सांगायचं तर चूक तिची नव्हतीच. तिला जे दिसलं ते तिने सांगितलं. त्याला 'नियम' म्हणाले ती मी. तीन वेळा बरोबर आलं, आणि मी चौथी वेळ न बघताच टाळ्या वाजवल्या! हे तिला कसं पटवून द्यायचं? मी नुसतं "असू दे गं" म्हटलं असतं, तर तिला ते खरं वाटलं नसतं. म्हणून पुढच्या सोमवारी मी एक दहा आकडी संख्या घेऊन वर्गात गेले. ती ही:

४२९४९६७२९७

वाचता येते का बघा. चार अब्ज, एकोणतीस कोटी, एकोणपन्नास लाख, सदुसष्ट हजार, दोनशे सत्त्याण्णव. दर सेकंदाला एक याप्रमाणे, न झोपता, न जेवता कोणी मोजत बसलं, तर इथवर पोचायला सुमारे १३६ वर्षं लागतील. बुद्धिबळाच्या पटावर दाणे ठेवण्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट-दुप्पट. तेहतिसाव्या घरात जेवढे दाणे येतील, त्यांत आणखी एक दाणा मिळवला की झाली आपली संख्या.

ती बनवण्याचा दुसरा, जवळचा रस्ताही आहे. वही घ्या. २ लिहा. त्याचा वर्ग करा, म्हणजे त्याला त्यानेच गुणा: ४. चाराचा वर्ग १६. सोळाचा वर्ग २५६. २५६चा वर्ग ६५५३६. आणि ६५५३६चा वर्ग ४२९४९६७२९६. आता या प्रत्येक संख्येत १ मिळवा:

३, ५, १७, २५७, ६५५३७, ४२९४९६७२९७

पहिल्या तीन मूळ आहेत हे तुम्ही तोंडी सांगाल. २५७ला २, ३, ५, ७, ११, १३ यांनी भागून बघा, एकानेही भाग जात नाही. त्यापुढे बघायची गरजच नाही, कारण १७चा वर्ग २८९, तो २५७च्या पुढे गेला. ६५५३७ही मूळ आहे. तिथे मेहनत बरीच आहे, पण आहे.

म्हणजे पाचच्या पाच मूळ! मग सहावी?

सतराव्या शतकात फ्रान्समध्ये तुलूझ नावाच्या शहरात पिएर द फर्मा हा गृहस्थ राहत होता. न्यायालयात मोठ्या हुद्द्यावर नोकरी, आणि नोकरीतून वेळ मिळेल तेव्हा गणित. छंद म्हणून! पण या छंदातून त्याने केलेलं काम आज साऱ्या जगात शिकवलं जातं. तेव्हा गणिताची मासिकं नव्हती. फर्मा आपले शोध मित्रांना पत्रांतून कळवायचा. १६४० साली फ्रेनिकल नावाच्या मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने या संख्यांविषयी लिहिलं. अशा रीतीने बनवलेली प्रत्येक संख्या मूळच असणार, असं त्याचं मत होतं. सहावीच काय, सातवी, आठवी, कितीही पुढे जा. सिद्धता मात्र आपल्याला मिळालेली नाही, हेही त्याने मोकळेपणाने कबूल केलं होतं. हे मला फार आवडतं. मी वर्गात तेवढंही केलं नव्हतं!

आता तुम्ही फर्माच्या जागी आहात असं समजा आणि ४२९४९६७२९७ तपासा. विभाज्यतेच्या कसोट्या आठवतात ना? शेवटचा अंक ७, म्हणून २ने आणि ५ने भाग जात नाही. सगळ्या अंकांची बेरीज ५९, म्हणून ३ने नाही. एक सोडून एक अंक घेऊन बेरजा केल्या तर एक २१ आणि दुसरी ३८ येते. फरक १७, म्हणून ११ने नाही. ७ने भागलं तर बाकी ५, १३ने भागलं तर बाकी १०. संख्या दाद द्यायला तयार नाही. मूळ असावी असंच वाटायला लागतं, नाही का?

जगालाही तसंच वाटलं. एक-दोन वर्षं नव्हे, ९२ वर्षं.

१७२९च्या डिसेंबरात गोल्डबाख नावाच्या गणितज्ञाने आपल्या तरुण मित्राला पत्र लिहून विचारलं, की फर्माचं हे म्हणणं तुला ठाऊक आहे का? हा मित्र म्हणजे लेओनार्ड ऑयलर. स्वित्झर्लंडचा, पण रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीत काम करणारा. वय अवघं बावीस. हा प्रश्न त्याच्या डोक्यात राहिला आणि १७३२ साली त्याने अकादमीपुढे उत्तर ठेवलं: या संख्येला ६४१ने पूर्ण भाग जातो.

खरंच जातो का? ऑयलर सांगतो म्हणून मानायचं नाही. फर्मा सांगतो म्हणून मानलं, त्याचं काय झालं ते आपण बघतोच आहोत! चला, भागाकार मांडा.

४२९४मध्ये ६४१ सहा वेळा जातात, ३८४६. बाकी ४४८. वरचा ९ खाली घ्या, ४४८९. सात वेळा, ४४८७. बाकी उरली अवघी २. वरचा ६ खाली घेतला, २६ झाले. भाग जात नाही. इथेच आमचा निम्मा वर्ग घसरला. भाग जात नसेल तर भागाकारात शून्य लिहायचं आणि मगच पुढचा अंक खाली घ्यायचा, हे मी वर्षभर ओरडून सांगते. तरी ६७४१७ असं उत्तर काढून पोरं मोकळी! तुम्ही शून्य लिहा. आता ७ खाली घ्या, २६७. पुन्हा भाग नाही, पुन्हा शून्य. २ खाली घ्या, २६७२. चार वेळा, बाकी १०८. ९ खाली घ्या, १०८९. एक वेळा, बाकी ४४८. शेवटचा ७ खाली घ्या, ४४८७. ही संख्या ओळखीची आहे ना? मघाशीच भेटली होती. ६४१ गुणिले ७. बाकी शून्य!

४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७

म्हणजे आपली संख्या मूळ नाही, संयुक्त आहे. ६४१ आणि ६७००४१७ या दोन्ही मात्र मूळ आहेत, त्यामुळे आणखी तुकडे पडत नाहीत.

आता आणखी एक गंमत. हाच निकाल एवढा लांबलचक भागाकार न करताही काढता येतो, तोही पाचवीच्या गणितात. आज सोमवार असेल तर १०० दिवसांनी कोणता वार असेल? तुम्ही १००ला ७ने भागता, बाकी २ येते, म्हणून बुधवार. पण १०० म्हणजे १० × १०. दहाला ७ने भागलं तर बाकी ३. तीन त्रिक नऊ, आणि ९ला ७ने भागलं तर बाकी पुन्हा २च. म्हणजे मोठ्या संख्यांचा गुणाकार करण्याऐवजी त्यांच्या बाक्यांचा गुणाकार केला तरी शेवटची बाकी तीच येते.

हीच युक्ती इथे वापरू. ६५५३६ला ६४१ने भागा. भागाकार १०२, बाकी १५४. आपली संख्या म्हणजे ६५५३६ × ६५५३६ + १. म्हणून त्याऐवजी १५४ × १५४ + १ करा. येतात २३७१७. आणि ६४१ × ३७ किती? बरोबर २३७१७! बाकी शून्य. अब्जाची संख्या पाच आकड्यांत आली. हे मी फळ्यावर केलं तेव्हा मागच्या बाकावरचा आमचा 'पंचवीस'वाला म्हणाला, "बाई, मग त्या फर्माने हे का नाही केलं?"

प्रश्न रास्त आहे. भाजक म्हणून फक्त मूळ संख्याच घेतल्या, तर २पासून मोजत गेल्यावर ६४१ ही ११६वी मूळ संख्या आहे. मी घड्याळ लावून बघितलं, असा एक भागाकार करायला मला पाच मिनिटं लागतात. ११६ भागाकारांना ५८० मिनिटं, म्हणजे ९ तास ४० मिनिटं. शाळेचे दोन दिवस! दोन दिवस बसून सरळ भागाकार केले असते तर ९२ वर्षांचा घोळ मिटला असता. पण किती भागाकार करावे लागणार हे आधी कुठे माहीत असतं? ही संख्या खरंच मूळ असती तर तशी खात्री करायला ६५५३६पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागावं लागलं असतं. त्या आहेत ६५४२. एवढ्या भागाकारांच्या नुसत्या कल्पनेनेच माणूस पेन खाली ठेवेल.

ऑयलरची खरी हुशारी पुढेच आहे. काही वर्षांनी त्याने सिद्ध करून दाखवलं, की या संख्येचा मूळ अवयव कोणताही असला तरी तो ६४च्या पटीपेक्षा एकाने जास्त असलाच पाहिजे. म्हणजे तपासायच्या संख्या एवढ्याच: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१... यांतल्या ६५ आणि ३८५ पाचच्या पाढ्यातल्या. १२९, ३२१ आणि ५१३ यांच्या अंकांची बेरीज करा; तिन्हींना ३ने भाग जातो. मूळ नसलेल्या खोडल्या, की उरतात १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचव्याच भागाकाराला चोर हातात! ११६ कुठे आणि ५ कुठे. पंचवीस मिनिटांचं काम.

आता तुमच्याच वयाच्या, खरं तर तुमच्याहून लहान मुलाची गोष्ट. झेरा कोलबर्न हा अमेरिकेतल्या व्हरमॉंट राज्यातला, १८०४ साली जन्मलेला मुलगा. सहा वर्षांचा असताना वडिलांच्या लक्षात आलं, की पोरगं मनातल्या मनात मोठमोठे गुणाकार करतं. झालं! वडिलांनी त्याला गावोगाव फिरवलं, लोकांपुढे उभं केलं, प्रश्न विचारायला लावले, तिकिटाचे पैसे घेतले. १८१२ साली त्याला लंडनला नेलं. तेव्हा झेराला आठ वर्षंही पूर्ण झाली नव्हती. तिथे जाणकारांनी त्याच्यापुढे हीच संख्या ठेवली, ४२९४९६७२९७. थोर फर्मा जिला मूळ समजला, ती. झेराने कागदाला हात न लावता सांगितलं: ६४१ गुणिले ६७००४१७.

आणि ज्यांनी त्याला पाहिलं त्यांनी असंही लिहून ठेवलंय, की या मुलाला कागदावर साधा गुणाकार-भागाकारही मांडता येत नव्हता. मग तो करायचा कसं? मोठेपणी त्याने आत्मचरित्र लिहिलं, त्यात अवयव काढायची आपली रीत सांगितली आहे. तो संख्येचे शेवटचे दोन अंक बघायचा. इथे ते ९७. शेवटी ९७ यायला कोणत्या दोन-दोन अंकी शेवटांचा गुणाकार व्हावा लागेल? अशा जोड्या त्याच्या डोक्यात पक्क्या होत्या. ४१ × १७ = ६९७. शेवटी ९७ आले! ४१ हा ६४१चा शेवट, आणि १७ हा ६७००४१७चा. अर्थात ९७ देणाऱ्या जोड्या आणखीही आहेत, त्यांतून योग्य ती निवडून काढणं हे त्याचं कसब.

जाता जाता पालकांशी एक बोलते. ज्या वयात शाळेत बसायचं, त्या वयात हा मुलगा तिकीट काढून आलेल्या लोकांसमोर उभा होता. पुढे शाळाही झाली, पण तुटक-तुटक. मोठेपणी तो गणितज्ञ झाला नाही. आधी धर्मोपदेशक झाला आणि नंतर भाषा शिकवू लागला. पाहुणे आले की "म्हणून दाखव बरं एकोणतीसचा पाढा" असं आपण मुलांना म्हणतो ना, तेव्हा मला झेरा आठवतो.

असो. आपल्या संख्येकडे वळू या. तिच्यातून २ वजा करा. ४२९४९६७२९५. आता फर्माच्या पहिल्या पाच संख्या घ्या आणि त्यांचा गुणाकार करा: ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७. उत्तर काय येतं? ४२९४९६७२९५! विश्वास बसत नसेल तर पायरी पायरीने बघा. ३ × ५ = १५, म्हणजे १७ला दोन कमी. १५ × १७ = २५५, म्हणजे २५७ला दोन कमी. २५५ × २५७ = ६५५३५, पुन्हा दोन कमी. पाच भावंडं एकत्र आली तरी सहाव्याला गाठायला दोन कमीच पडतात. म्हणूनच या पाचांपैकी कोणीही सहाव्याला पूर्ण भाग देऊ शकत नाही. बाकी कायम २ उरते. फर्माचा नियम चुकला खरा, पण त्याच्या या संख्या वाया गेल्या नाहीत. १७९६ साली गाउस नावाच्या, अजून एकोणीसही पूर्ण न केलेल्या जर्मन मुलाने दाखवून दिलं, की नुसती पट्टी आणि कंपास घेऊन सतरा समान बाजूंची सुबक आकृती काढता येते. सतराच का? कारण १७ ही फर्माच्या यादीतली मूळ संख्या आहे!

आपल्या संख्येची धाकटी शेजारीण, ४२९४९६७२९६, तर आज घरोघरी राबते. बत्तीस दिव्यांची बत्तीस बटणं आहेत अशी कल्पना करा. प्रत्येक बटण चालू किंवा बंद. एकूण किती प्रकारे ती लावता येतील? बरोबर एवढ्याच. इंटरनेटवरच्या संगणकांना पत्ते द्यायची जुनी पद्धत याच हिशेबावर उभी आहे. सुमारे ४२९ कोटी पत्ते कधी संपायचे नाहीत असं ती आखणाऱ्यांना वाटलं असेल. फेब्रुवारी २०११मध्ये जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून झाले आणि साठा संपला! आता १२८ बटणांची नवी पद्धत जुनीच्या जोडीला आली आहे.

आणि फर्माच्या पुढच्या संख्या? सातवी आहे १८४४६७४४०७३७०९५५१६१७. तिचा अवयव २७४१७७ हा लांद्री नावाच्या फ्रेंच माणसाने १८८० साली शोधला. तेव्हा त्याचं वय होतं ८२! त्यानंतर संगणक आले, माणसं अजून शोधताहेत. पण पहिल्या पाचांनंतर या यादीत आजवर एकही मूळ संख्या सापडलेली नाही. 'सगळ्या मूळ' म्हणाला होता फर्मा!

ही सगळी गोष्ट मी वर्गात सांगितली तेव्हा पहिल्या बाकावरची ती मुलगी काही बोलली नाही. वहीत काहीतरी खरडत होती. सुट्टीची घंटा झाली, मुलं पळाली, आणि ती टेबलाशी आली.

"बाई, ६४१च्या शेजारी ६४२ आहे. ती सहाच्या पाढ्यात येते. आणि ६७००४१७च्या अलीकडची ६७००४१६, तीपण येते. मी भागून बघितलं."

मी तिची वही घेतली. दोन्ही भागाकार बरोबर होते. तिचा नियम उलटा धरला तर खरा आहे. सहाच्या पाढ्यातल्या प्रत्येक संख्येचे दोन्ही शेजारी मूळ असतीलच असं नाही, पण ३पेक्षा मोठी कोणतीही मूळ संख्या घ्या, ती सहाच्या पाढ्यातल्या कुठल्या तरी संख्येला चिकटूनच असते. कारण बाकीच्या जागी बसणाऱ्या संख्यांना २ने किंवा ३ने भाग जातो. करून बघा. ती म्हणाली, "मग हे नेहमी खरं?" मी म्हटलं, "हो, नेहमी. या वेळी कारण आहे आपल्याकडे."

आता पाटी-पेन्सिल घ्या. ३१, ३३१, ३३३१, ३३३३१, ३३३३३१, ३३३३३३१, ३३३३३३३१. या सातही मूळ आहेत. पुढची आहे ३३३३३३३३१, आठ वेळा तीन आणि शेवटी एक. काय वाटतं? एक सांगून ठेवते, वीसच्या आतल्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघितल्याशिवाय टाळ्या वाजवू नका.